इंदू नव्हे, इंदिया

फेब्रुवारी संपत आला की आमच्या मजल्यावरचे टीव्ही आपोआप हळू होतात. कुणी सांगत नाही, कुणी पाटी लावत नाही, तरी होतात. यंदा समोरच्या घाडींची श्रावणी दहावीला आहे. संध्याकाळी ती गॅलरीत येरझारा घालत इतिहासाची उत्तरं पुटपुटत असते, आणि तिची आई कपडे वाळत टाकताना झटकायचेसुद्धा बेताने झटकते. मुलुंडच्या टेकड्यांवरून या दिवसांत वाळलेल्या गवताचा वास येतो, कधी त्यात कुठेतरी लागलेल्या वणव्याचा धूर मिसळलेला असतो. तो वास आला की मी हातातलं काम तसंच टाकून दारात उभी राहते आणि माझेही ओठ हलायला लागतात. मेहिकानो, मेहिकाना. इंग्लेस, इंग्लेसा. इरानी, इरानी.

नवरा म्हणतो, "सुरू झालं हिचं."

होणारच. काही ऋतू पंचांगात नसतात, अंगात असतात. माझ्या अंगात एक परीक्षेचा उन्हाळा मुक्कामाला आहे. त्या वर्षी मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि स्पॅनिशच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेला बसले होते.

घाटकोपरच्या ज्या ट्रॅव्हल एजन्सीत मी पंधरा वर्षं लोकांची तिकिटं काढली, ती बंद पडली होती. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका ऑफिसात स्पॅनिश बोलणारी माणसं हवी होती, मेक्सिको-चिलीकडच्या ग्राहकांचे फोन घ्यायला. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा, मग बघू. मी क्लास लावला तेव्हा घरात हसू झालं. दीर म्हणाला, "वहिनी, आता काय स्पेनला सेटल होणार का?" बाबा त्या दिवशी आले होते. माझे बाबा मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते, गिरण्या गेल्यावर त्यांनी पडेल ते काम केलं. ते म्हणाले, "ह्या वयात कसली गो परीक्षा? आणि ती पण खयच्या मुलखाची!"

"बाबा, तुम्ही तिशी उलटल्यावर वायरमनचं काम शिकलात ना?" मी म्हटलं.

बाबा दिराकडे वळून म्हणाले, "बसूक देत तिका परीक्षेक." विषय तिथेच मिटला.

क्लास घाटकोपरला, एका फरसाणच्या दुकानाच्या वर. दुपारी खाली गाठिया तळायला घेतले की बेसनाचा आणि ओव्याचा वास जिन्यावरून चढत वर यायचा आणि आम्ही भुकेल्या पोटी क्रियापदं चालवत बसायचो. पंखा फिरायचा, वारा मात्र फळ्यापर्यंतच पोचायचा. शिकवायला लीना मॅडम होत्या, पन्नाशीच्या, कडक. त्यांच्या साडीचा पदर आणि त्यांचं व्याकरण, दोन्ही कधी ढळलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. मुलगी म्हणजे माझ्या मानाने. तिशीची असेल. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती आणि त्याला कंटाळली होती. "सरकून बस ना गं जरा," ती म्हणाली, आणि बसल्या बसल्या डब्यातली अर्धी घावणी माझ्यापुढे ठेवली. घावणं बघूनच मी विचारलं, "कोकणातली का तू?"

"हर्णै. दापोलीच्या खाली. पण जन्म जोगेश्वरीचा. नसीम परकार."

त्या दिवसापासून आमची जोडी जमली.

देशांवरून पडलेली विशेषणं हा धडा लवकरच आला. इंग्रजीच्या अंगाने स्पॅनिश शिकणारे तिथे हमखास अडखळतात, पण आम्हा दोघींना तो धडा घरचाच वाटला. पुरुष मेक्सिकोचा असेल तर मेहिकानो, बाई असेल तर मेहिकाना. अहो, आमच्याकडे चांगला मुलगा आणि चांगली मुलगीच असते, त्यात नवल काय? इंग्लेसची इंग्लेसा होताना अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ गळून पडते, एवढं तेवढं लक्षात ठेवायचं. आणि इरानी, मोरोक्कोचा मार्रोकी असे ईकारान्त शब्द बाई-पुरुषाला बदलतच नाहीत. नसीम मला कोपराने ढोसत म्हणाली, "इराणी माणूस, इराणी बाई. आपल्यासारखंच की गं! मालवणी माणूस, मालवणी बाई." बाकीचा वर्ग माना खाली घालून नियम लिहीत होता आणि आम्ही दोघी हसत होतो.

इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना आणखी एक गोष्ट जड जायची. स्पॅनिशमध्ये देशाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं, पण त्या देशाच्या माणसाचं विशेषण छोट्या अक्षराने. ते सारखे मोठं अक्षर काढायचे आणि लीना मॅडम सारख्या लाल गोल करायच्या. मला त्या लहान अक्षराचं बरं वाटायचं. आपल्या लिपीत अक्षरांना मोठं-धाकटं नसतंच. राजाचं नावही तेवढंच आणि गड्याचंही.

मग आपली पाळी आली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं. पुरुष इंदिओ, बाई इंदिया. "सोय इंदिया," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी भारतीय आहे. बाईने म्हणायचं. मध्ये 'एक' घालायचं नाही. 'मी एक भारतीय' हे इंग्रजी झालं."

नसीमने हात वर केला. "मॅडम, देशाचं नाव पण इंदियाच ना?"

"हो. लिहिताना अक्षर मोठं. ऐकायला सारखंच."

"म्हणजे मी 'सोय इंदिया' म्हटलं, की ऐकणाऱ्याला मी इंडियाच आहे असं ऐकू येतं?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. नसीम हसली नाही. वहीत ते वाक्य तिने खाली रेघ मारून लिहिलं. पुरुषांना ही सोय नाही. पुरुष बिचारा इंदिओ. देशाचं आणि आपलं नाव एका श्वासात घ्यायची संधी त्या भाषेत फक्त बाईला आहे, आणि ती नसीमच्या इतकी पटकन कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

पण मॅडमनी लगेच खाली तिसरा शब्द लिहिला. लिहिताना हिंदू, पण स्पॅनिशमध्ये ह उच्चारत नाहीत, म्हणून म्हणताना इंदू. "परीक्षेत हाच वापरा," त्या म्हणाल्या. "इंदिओ म्हटलं की तिकडे अमेरिकेतले मूळ रहिवासी समजतात. काही ठिकाणी ते शिवीसारखंही लागतं. म्हणून आपल्या देशाच्या माणसाला बरेच जण सरसकट इंदू म्हणतात. शब्दकोशात आहे. चूक धरत नाहीत."

"कोणालाही?" नसीमने विचारलं.

"कोणालाही."

"मला पण?"

मॅडमना तिचं नाव माहीत होतं. "धर्माचा अर्थ नाही घ्यायचा त्यात," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझं नाव नसीम आहे, इंदू नाही," ती म्हणाली. पुन्हा हसू झालं. "आणि तो इंदिओ शब्द तिकडच्या लोकांना चिकटला कसा? कुणीतरी दर्यावर्दी इंडियाला निघाला आणि भलतीकडेच पोचला म्हणून ना? पाचशे वर्षांपूर्वी रस्ता तो चुकला, आणि शब्द मी सोडायचा?"

खाली कढईत काहीतरी चर्र झालं आणि मॅडमनी पुढचा देश घेतला.

तेव्हा मला वाटलं होतं, ही नुसती हुशारी आहे. तसं नव्हतं. नसीम त्या उन्हाळ्यात घर शोधत होती. जोगेश्वरीच्या दोन खोल्यांत भाऊ, वहिनी, त्यांची तीन पोरं आणि आई. तिला भाड्याने एक खोली हवी होती, स्वतःची, दार लावून अभ्यास करता येईल अशी. क्लास सुटला की आम्ही मेट्रोच्या जिन्याखाली उसाचा रस प्यायला थांबायचो आणि ती दलालांना फोन लावायची. एक फोन मला अजून कानात आहे.

"परकार का? कोकणातल्या? वा वा!" पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता. "फॅमिली आहे का सिंगल? सिंगल? चालेल, चालेल. जॉब आहे ना? तुमच्यासारखी मराठी माणसंच पाहिजेत आम्हाला. पूर्ण नाव सांगा, ओनरला कळवतो."

"नसीम परकार."

रसवाल्याच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे… मॅडम, सोसायटीचा रूल आहे ना. माझं काही नाही हो. मी तुम्हाला फोन करतो."

तो फोन येत नसतो.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं होतं. मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, माझी मैत्रीण आहे, जबाबदारी माझी. ते मला बसा म्हणाले, चहा मागवला, आणि अर्धा तास इतकं गोड बोलले की नाही म्हटलेलं शेवटी समजून घ्यावं लागलं. मी उठताना म्हटलं, "रूल कुठे लिहिलाय तो दाखवा." ते म्हणाले, "ताई, सगळं काय लिहिलेलं असतं का?" पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून हाच प्रश्न पुन्हा विचारला. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी मोबाईलकडे. घर शेवटी एका बँकवाल्याला गेलं. ते नवराबायको आजही मला लिफ्टमध्ये भेटतात, चांगली माणसं आहेत. पण मीटिंगमध्ये पंख्याकडे बघणाऱ्या माना मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. सेक्रेटरी दिसले की अजूनही म्हणते, "काका, रूल सापडला का?"

नसीमला हे सांगताना मला लाज वाटत होती. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "बघ ना यार, गंमत. मुंबईत मी हिंदू नाही म्हणून घर नाही. आणि स्पॅनिशमध्ये मी हिंदू झाले तर मार्क मिळणार. दोन्हीकडे मी काय आहे ते ठरवणार कोण? दुसराच!"

"मग 'दे ला इंदिया' म्हण ना," मी तोडगा काढला. "इंडियाची आहे, एवढंच. मॅडम पण म्हणाल्या, त्यात वादच नाही."

"का? तू इंदिया, आणि मी 'इंडियाची'? तो पत्ता झाला. मला विशेषण आहे ना?"

बोलता बोलता तिने ग्लासातला बर्फ दातांखाली कडकन फोडला. मला त्या रात्री घरी गेल्यावरही ते 'विशेषण आहे ना' ऐकू येत राहिलं. बाबांची आठवण झाली. गावी गेले की ते मुंबईकर, चाकरमानी. मुंबईत ते कोकणी. गिरणीत ते घाटावरच्यांसाठी मालवणी. आयुष्यभर समोरच्याने जे विशेषण लावलं ते त्यांनी निमूट अंगावर घेतलं, कारण संध्याकाळी घरी पीठ न्यायचं होतं. त्यांच्या मुलीने मात्र आता व्याकरणाचं पुस्तक उघडून नीट वाचलं. त्यात हिंदू हा शब्द चालतो, असं लिहिलेलं होतं. इंदिया हा शब्द चालत नाही, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

परीक्षा मे महिन्यात, अंधेरीच्या एका कॉलेजात. बाहेर बहाव्याची झाडं पिवळी धमक झाली होती आणि आत आम्ही घामाने थबथबलेले. लेखी परीक्षा बरी गेली. तोंडी परीक्षा दोघादोघांनी द्यायची होती आणि आमची जोडी लागली. समोर परीक्षक म्हणून एक स्पॅनिश बाई, साठीच्या, हसऱ्या, गळ्यात मोत्यांची बारीक माळ. मागे कोपऱ्यात दुसऱ्या परीक्षक, त्या काही बोलत नव्हत्या, फक्त लिहीत होत्या. पहिलं काम होतं एकमेकींची ओळख करून द्यायचं.

मी सुरुवात केली. ही माझी मैत्रीण नसीम. ती लॅबमध्ये काम करते. तिला मासे आवडतात. "एस इंदिया," मी म्हटलं. ती भारतीय आहे.

"आ!" बाई प्रेमाने म्हणाल्या. "इंदू, कोमो तू." तुझ्यासारखीच.

घोकलेलं सगळं डोक्यातून उडून गेलं, तरी माझ्या तोंडून निघालं, "यो सी. एया नो." मी आहे. ती नाही.

बाई हसल्या. त्यांनी सावकाश, आम्हाला कळेल अशा शब्दांत समजावलं, की आमच्याकडे तुमच्या देशातल्या सगळ्यांनाच असं म्हणतात, ती चूक नाही, काळजी करू नका. त्या खरंच मनाने बोलत होत्या. आम्ही घाबरलोय असं त्यांना वाटलं होतं.

नसीमने खुर्ची पुढे ओढली. आवाज सरळ होता. एकेक वस्तू टेबलावर ठेवावी तसे तिने शब्द ठेवले.

"उस्तेद एस एस्पान्योला. यो नो दिगो, उस्तेद एस कातोलिका."

तुम्ही स्पॅनिश आहात. मी म्हणत नाही की तुम्ही कॅथलिक आहात.

मागच्या बाईंचं पेन थांबलं. बाहेरच्या मैदानातून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा गलका आला आणि विरला. समोरच्या बाईंचं हसू गेलं नाही, पण ते जरा वेगळं झालं, जागं झाल्यासारखं. मग तुम्हाला काय म्हणू, असं त्यांनी विचारलं.

"सोय इंदिया," नसीम म्हणाली. "तांबिएन सोय मुसुल्माना. सोन दोस कोसास."

मी भारतीय आहे. मुसलमानही आहे. या दोन गोष्टी आहेत.

सगळ्या विशेषणांचे शेवट बरोबर होते. एकाही ठिकाणी 'एक' आलं नव्हतं. बाईंनी मान डोलावली, होकाराची की नुसती, ते कळलं नाही, आणि बाजाराचं एक चित्र आमच्यापुढे सरकवलं. त्यात वांगी होती, आणि वांग्याचा शब्द आम्हा दोघींनाही आठवला नाही.

बाहेर आल्यावर पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी नसीमने बाटली भरून अर्धी एका दमात संपवली. "वाट लागली ना माझी?"

"लागली तर लागली," मी म्हटलं. "पुन्हा बसू. दोघी."

"तू कशाला? तू तर पास होशील."

"मी पण इंदियाच म्हणाले ना?"

ती माझ्याकडे बघून एकदम हसायला लागली, मग मीही. कॉलेजचा शिपाई आमच्याकडे असं बघत होता, जणू परीक्षेने दोघींच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पुढे निकाल लागला. दोघी पास. तोंडीत दोघींनाही काठावरचे मार्क होते. ते त्या वाक्यामुळे होते की वांग्यामुळे, हे कधीच कळलं नाही आणि विचारायला कुठे जागाही नव्हती. लीना मॅडमना पेढे द्यायला गेलो तेव्हा घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी अर्धा पेढा मोडून नसीमच्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "नसीम, मला भीती वाटत होती गं, तुझे मार्क जातील म्हणून." एवढंच. पण पुढच्या बॅचच्या एका मुलीने मला सांगितलं, की मॅडम आता फळ्यावर तिन्ही शब्द लिहितात आणि म्हणतात, कुठला घ्यायचा ते ज्याने त्याने ठरवायचं.

अंधेरीच्या ऑफिसात आम्हाला दोघींनाही घेतलं. फोनवर काय बोलायचं याचा जो मजकूर हातात दिला, त्यात अर्थातच इंदू होतं. नसीमने पहिल्याच दिवशी हात वर केला. वरिष्ठांकडे मेल गेले, आले, पुन्हा गेले. शेवटी त्यांनी मजकुरात 'दे ला इंदिया' घातलं आणि आपण मोठी तडजोड केली असं मानलं. नसीम फोनवर आजही इंदियाच म्हणते. मीही. महिन्याच्या आढाव्यात आमच्या नावापुढे 'मजकूर पाळत नाहीत' असा शेरा येतो. येऊ दे. लोक मला म्हणतात, तू तर हिंदू आहेस, तुला काय फरक पडतो? पडतो. मी देवघरात दिवा लावते तेव्हा मी हिंदू असते. कुणी माझा देश विचारला, तर त्याचं उत्तर देवघरातून आणायचं नाही, आणि माझ्या मैत्रिणीला दाराबाहेर उभं ठेवून तर नाहीच नाही.

राहिलं घर. नोकरी लागल्यावर नसीमने दलालांशी बोलायची पद्धतच बदलली. फोन उचलला की पहिलं वाक्य, "मी नसीम परकार, मुसलमान आहे, एकटी राहणार आहे, दाखवणार की नाही ते आत्ताच सांगा." बरेच फोन तिथेच संपायचे. "झकास," ती म्हणायची, "रिक्षाचं भाडं वाचलं." तिचा हा झकास ऐकून मला मात्र सेक्रेटरींच्या चहाचा राग नव्याने यायचा.

मग कुणाच्या तरी ओळखीने खारदांड्याला एक खोली कळली. मी सोबत गेले. गल्ली इतकी अरुंद की दोघी एकामागे एक चाललो. दोन्ही बाजूंना जाळी, टोपल्या, आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. घरमालकीण जयवंतीबाई दारातच मासळी निवडत बसल्या होत्या, कोळीण, सत्तरीच्या आतबाहेर, नाकात मोठी नथ नव्हे, साधी चमकी. दलाल मध्ये नव्हताच.

"नाव काय तुझं?"

"नसीम."

"कुठली?"

"हर्णैची."

"हर्णैची?" त्यांचा हात पहिल्यांदा थांबला. "मंग बोंबलाच्या वासाचं तुला काय सांगायला नको. मागची पोरगी त्यापायीच पळाली."

"मावशी, एक सांगते," नसीम म्हणाली. तो ताठ आवाज मी आता ओळखायला लागले होते. "मी मुसलमान आहे. आत्ताच सांगितलेलं बरं. नंतर नको."

"ते नाव सांगितलंस तवाच समजलं मला," जयवंतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा मासळीला लागल्या. "पानी सकाळी येतं. पंप चालू करायला उठशील काय?"

त्या उन्हाळाभर नसीमकडे दोन भाषांत उत्तर तयार असायचं. आता तिने एवढंच विचारलं.

"पंप?"

"हां, पंप. तो चुकला की दिवसभर बादली घेऊन फिरावं लागतं. मग कोन पन असो." त्यांनी हात पदराला पुसला आणि कनवटीची किल्ली काढली. "बघ आत जाऊन. खिडकी जोरात ओढ, अडकते ती."

नसीमने चपला दारात काढल्या आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून खिडकी उघडल्याचा मोठा आवाज आला.